नवऱ्यांचा खण

शनिवार, ३ ऑगस्ट १९५७

आजपासून मी एका कक्षाचा प्रमुख आहे. कक्षात माणसं दोन, मी आणि महागू चपराशी. खोली जिन्याखालची, खिडकी एकच, ती उघडली की समोर सायकली. पण दारावर पाटी लागली : ‘चालू प्रकरण कक्ष’.

काम सांगायला सोपं आहे. गेल्या नोव्हेंबरात राज्य बदललं, आमचे वरिष्ठ नागपूरऐवजी भोपाळात बसू लागले, आणि जिल्ह्यातल्या कोणत्या कचेरीत या घडीला कोणतं काम चालू आहे हे कुणालाच सांगता येईना. नवे साहेब ग्वाल्हेरकडचे. त्यांना दरमहा एक यादी हवी. काय चालू आहे, कुणाकडे आहे, कधीपासून आहे, कशापायी अडलंय. म्हणाले, “मधुकर बाबू, मुझे कहानी नहीं चाहिए, चार खाने चाहिए।”

हे काम मी मागून घेतलं त्यात माझा स्वार्थ आहे, लपवत नाही. अलकनंदा तीन वर्षं लामत्याच्या शाळेत मास्तरीण आहे. शनिवारी दुपारच्या छोट्या गाडीनं येते, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाते. बालाघाटला बदली मिळावी म्हणून तिनं गेल्या जूनमध्ये अर्ज केला, तो कुठे गडप झाला ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसेल. आता सगळ्या कचेऱ्यांची कपाटं माझ्यापुढे उघडतील. पहिला तोच कागद शोधणार. बायको परगावी आणि नवरा खानावळीत, याला मी संसार म्हणत नाही.

महागूला शिस्त लावून दिली. यादीच्या उत्तराच्या पाकिटावर कचेऱ्यांनी लाल रेघ मारून पाठवायचं. लाल रेघेचं पाकीट माझ्या टेबलावर, बाकीचं टपाल पेटीत. पेटी महिनाअखेर पाहू.

बुधवार, ७ ऑगस्ट

डोकं फिरायची वेळ आली आहे. मला वाटलं होतं, चार रकान्यांचा कागद धाडायचा, भरून परत घ्यायचा.

महसूलवाल्यांकडे नंबर आहेत. वर्ष, तहसील, नंबर. नंबर सांगितला की पाच मिनिटांत प्रकरण हजर, पण ते कशापायी अडलंय विचारलं तर बाबू माझ्याकडे असा बघतो जसा मी त्याला त्याच्या घरातलं विचारलं. जंगलखात्यात नंबरच नाहीत. तिथे बस्ते आहेत. पांढऱ्या फडक्यात बांधलेला बस्ता चालू, लाल फडक्यातला बंद. “आणि हा पिवळा?” मी विचारलं. “पांढराच हाये तो,” तिथला मुन्शी म्हणाला, “धुतला नाही.”

आणि शिक्षणाच्या कचेरीत गुणाकरपंत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेत. त्यांच्यामागे भिंतभर लाकडी खण आहेत आणि कागद खणात कशावरून जातो, तर तो कुणाची वाट पाहतो त्यावरून. ‘साहेबांची सही’ हा एक खण. ‘नागपूर’ एक. ‘भोपाळ’ एक, तो फुटायला आला आहे. मी म्हटलं, “पंत, सौ. अलकनंदा, लामता, बदलीचा अर्ज.” ते म्हणाले, “नावानं नाही सापडत इथं, मधुकरराव. कोनाची वाट पाहून राह्यला ते सांगा, कागद आत्ता देतो.”

ते मला ठाऊक असतं तर मी आलो कशाला असतो?

रविवार, ११ ऑगस्ट

अलकनंदा आली आहे. जेवताना शाळेचं काहीतरी सांगत होती. लामत्याच्या मराठी वर्गात अकरा मुलं उरली, पुढच्या वर्षी वर्ग राहत नाही, साकोलीकडे मुलींची शाळा निघाली आहे, असं काहीबाही. माझ्या डोक्यात जंगलखात्याचे बस्ते. मी हौ हौ म्हटलं.

नंतर तिला सांगितलं की तुझ्या बदलीचा कागद मी पाताळातून काढीन. ती म्हणाली, “काहून शोधता? मी सांगतलं न आता.” मी म्हटलं, तू निराश होऊ नकोस, माझ्यावर सोड. ती भांडी उचलायला लागली. बायकांना धीर नसतो.

मंगळवार, २० ऑगस्ट

पंतांचे खण एकेक करून पाहिले. ‘भोपाळ’मध्ये एकशे बावीस कागद. ‘नागपूर’मध्ये चाळीस, हे बिचारे अजून नागपूरचीच वाट पाहत आहेत. ‘साहेबांची सही’त सोळा. ‘डॉक्टरचा दाखला’, ‘शाळेचा नकाशा’, ‘मयताचा वारस’, सगळं पाहिलं. अलकनंदेचा अर्ज नाही.

खालच्या कोपऱ्यात एका खणावर ‘नवरे’ लिहिलेलं. मी हसलो. पंतांनी समजावलं. ज्या लग्न झालेल्या मास्तरणींनी मुंबई राज्यात जायचा विकल्प मागितला आहे, म्हणजे पलीकडे विदर्भातल्या शाळेत, त्यांच्या नवऱ्याची लेखी संमती आल्याशिवाय कागद पुढे जात नाही. संमतीचा फॉर्म टपालानं थेट नवऱ्याकडे जातो, बायकोच्या हाती देत नाहीत. मामला खाजगी, म्हणून वर नाव नाही, नुसता नंबर. असे सात कागद पडून आहेत.

“पाहून घ्या न,” पंत म्हणाले. मी म्हटलं, आमची बदली इथल्या इथली, लामत्याहून बालाघाट. त्या खणाशी आम्हाला काय करायचंय? पंत चष्मा पुसत बसले. वय झालं त्यांचं.

सोमवार, २ सप्टेंबर

पहिली यादी साहेबांनी परत केली. एक हजार नऊशे प्रकरणं. “सब चालू हैं?” मी म्हटलं, त्यांच्या मते होय. महसूलवाल्यांच्या हिशेबी बंदचा शिक्का बसेपर्यंत प्रकरण चालू, मग पक्षकार मरून दहा वर्षं का होईनात. जंगलखात्याच्या हिशेबी या महिन्यात बस्ता सुटला तरच चालू. चार कचेऱ्यांत ‘चालू’ या शब्दाचे चार अर्थ, आणि एकाच रकान्यात ते कोंबायचे मी.

मला एक तोडगा सुचला. महिनाभर हललं नाही, एक शेवटची नोटीस दिली, तरी उत्तर नाही, तर प्रकरण दाखल दफ्तर, म्हणजे बंद. साहेब खूश. म्हणाले, डिसेंबरात हेडक्लार्कची जागा होते आहे, त्यांच्या डोक्यात माझं नाव आहे. पंधरा वर्षांच्या नोकरीत कुणा साहेबाच्या डोक्यात माझं नाव पहिल्यांदाच आलं.

पेटी पाहायची राहिली. या महिन्यात पाहू.

रविवार, ८ सप्टेंबर

आज कटकट झाली. अलकनंदेनं विचारलं, “तुम्हाले पत्र भेटलं का?” मी म्हटलं, कसलं पत्र? माझ्याकडे रोज शंभर पत्रं येतात. “शंभरातलं एक,” ती म्हणाली. मी म्हटलं, कोड्यात बोलू नकोस, दिवसभर तेच करतो. संध्याकाळी म्हणाली, “नाही म्हनाचं असन तर तोंडानं म्हना, मी आयकून घेईन.” मी म्हटलं, कशाला नाही म्हणायचंय? अर्ज सापडला तर काम होईल, सापडला नाही तर मी काय करू? ती उद्याची पिशवी भरायला लागली. लामत्याला एकटी राहून तिचा स्वभाव बदलत चालला आहे. तिला लवकर इकडे आणलं पाहिजे.

बुधवार, १८ सप्टेंबर

या शनिवारी आली नाही. चिठ्ठी आली, तपासणी आहे म्हणून. या महिन्यात कोण तपासणी ठेवतो?

कामाचं लिहितो. शेवटच्या नोटिसा गेल्या आणि चमत्कार झाला, ‘नवरे’ खणातल्या सातांपैकी सहांनी उत्तर दिलं. चौघांनी संमती दिली, दोघांनी नकार. एकानं तर नकारापायी दीड पान रामायण लिहिलं आहे. लिहू दे, उत्तर तर दिलं! सातवा महाभाग मात्र ढिम्म. विकल्प नंबर ४१. तीन वेळा फॉर्म गेला, हूं नाही की चूं नाही. त्या बाईनं एवढा धीर करून अर्ज केला आणि हा गृहस्थ सही करायला किंवा नाही म्हणायला दोन मिनिटं काढत नाही. अशा माणसाला काय म्हणावं? माझी यादी एका माणसाच्या आळसापायी अडली आहे.

पंत म्हणाले, “त्या सातव्याले तुमी सोता भेटा न.” मी म्हटलं, मी काय आता घरोघर नवरे गोळा करत फिरू? पंत म्हणाले, “नाव सांगता येत नाही मले. कायदा हाये. पन भेटा.” मी यादी आवरून निघालो.

सोमवार, ३० सप्टेंबर

यादी पूर्ण झाली. एक हजार नऊशेची चारशे बारा. बाकी सगळं दाखल दफ्तर, प्रत्येकावर माझी शिफारस आणि साहेबांची सही. ४१ वर शेरा लिहिताना मला बरं वाटलं : ‘पतीचे उत्तर नाही. स्वारस्य दिसत नाही. बंद करावे.’

पंत दुपारी माझ्या खोलीत आले. त्यांना त्यांच्या कचेरीबाहेर मी कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणाले, “तो एक खन राहू द्या, मधुकरराव. विकल्पाची मुदत एकतीस आक्टोबरची हाये. महिना हाये अजून.” मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, आणि तो मीच केलेला आहे. ते जिना चढून गेले. चहा दिला तो घेतला नाही. मला राग आला.

अलकनंदेच्या बदलीचा अर्ज अख्ख्या जिल्ह्यात कुठेच चालू नाही. चारशे बारा प्रकरणं मी दोनदा वाचली.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

काल दसरा झाला. ती दसऱ्यालाही आली नाही. मी सोनं कुणाला देणार? शेजारच्या गोदाबाईंना दिलं. त्यांनी विचारलं, “मास्तरीणबाई काहून आल्या नाही?” मी म्हटलं, तपासणी आहे. दसऱ्याच्या दिवशी तपासणी, हे मला स्वतःलाच ऐकवेना.

आज साहेबांनी यादी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “इसमें सब दफ्तर हैं, आपका कक्ष नहीं है। आपके यहाँ क्या-क्या चालू है?” मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे काय चालू असणार, आम्ही तर दुसऱ्यांचं मोजतो. “फिर भी लिखिए। खाना खाली नहीं जाना चाहिए।” हुकूम तो हुकूम. उद्या पेटी उघडतो.

शनिवार, ५ ऑक्टोबर

पेटीत दोनशेच्या वर पाकिटं होती. महागूनं नीट रचून ठेवली होती, बिचाऱ्याचा काही दोष नाही. जाहिराती, पतपेढीच्या सभा, कुणाच्या तरी सेवापुस्तकाच्या नकला. आणि शिक्षणाच्या कचेरीची चार पाकिटं, माझ्या नावाची, कचेरीच्या पत्त्यावर आलेली. ऑगस्टच्या तेराची, ऑगस्टच्या एकोणतीसची, सप्टेंबरच्या सहाची, आणि अकराची. चौथं म्हणजे शेवटची नोटीस. तिचा मसुदा माझा आहे. मीच मला पाठवली होती.

विकल्प क्रमांक ४१. ‘मी खाली सही करणार, सौ. अलकनंदा यांचा पती, असे लिहून देतो की…’

पुढचं वाचवलं नाही. महागूनं विचारलं, “साहेब, पानी आनू का?” मी त्याला घरी पाठवलं. सातवा महाभाग मी आहे. गावभर मी त्याला शिव्या दिल्या.

रविवार, ६ ऑक्टोबर

सकाळच्या गाडीनं लामत्याला गेलो. तीन वर्षांत मी तिच्या खोलीवर ही दुसऱ्यांदा गेलो. ती वह्या तपासत होती. मला पाहून उठली नाही.

“तुले माह्यापासून जायचं हाये?” मी विचारलं. बोलण्यातली बाबूगिरी गाडीतच गळाली होती.

“मले शाळेत जायचं हाये,” ती म्हणाली. “जिथं मुली शिकतात तिथं. साकोलीले मुख्याध्यापिका घेऊन राह्यले. जेवताना सांगतलं मी तुम्हाले. बदलीचा अर्ज जुलैतच मांगं घेतला, तेही सांगतलं. तुम्ही हौ म्हटलं.”

“माझं ध्यान नव्हतं.”

“आणि मंग पत्रं आली. एक, दोन, तीन. मले वाटलं तुम्ही वाचून गप्प बसले. नाही म्हनाचं हाये, पन बोलवत नाही. म्हनून येनं बंद केलं मी. दर शनिवारी तुमच्या तोंडाकडं पाहनं होत नव्हतं.”

मी म्हटलं, मी ती उघडलीच नव्हती, पेटीत पडून होती. मला वाटलं होतं हे ऐकून तिला बरं वाटेल. ती म्हणाली, “हे त्याहून वाईट हाये.”

मास्तरांची मुदत वेगळी, आम्हा कचेरीतल्या बाबूंच्या विकल्पाची मार्चमध्येच संपली, मला तिकडे जाता येत नाही. तिला हे ठाऊक आहे. तिनं तेही अर्जात लिहिलं आहे, म्हणाली. मी विचार करतो म्हणून निघालो. एक गोष्ट सांगितली नाही. प्रकरण मीच बंद केलंय, हे सांगितलं नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

साहेबांना सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग दार लावून घेतलं. म्हणाले, प्रकरण पुन्हा उघडायचं तर तुम्हाला लिहून द्यावं लागेल की नोटीस तुमच्याच कक्षात उघडली गेली नाही. म्हणजे ज्या नियमानं पंधराशे प्रकरणं बंद झाली त्या नियमावर बोट. म्हणजे हेडक्लार्की गेली. “और न लिखें तो? केस बंद है। तीन हफ्ते में मियाद खत्म। घर की बात घर में रखिए, मधुकर बाबू। कोई पूछेगा नहीं।”

खरंच कुणी विचारणार नाही. तिला सांगता येईल की उशीर झाला. सरकारी कामात उशीर होतोच, तिला माहीत आहे. मग बालाघाटच्या बदलीचा नवा अर्ज मी स्वतः नेऊन देईन, हेडक्लार्क म्हणून. ती घरी येईल. मला ती घरी हवी आहे, यात वाईट काय आहे? दुपारपासून हाच विचार चालू आहे. मला माझी लाज वाटते आणि तरी विचार थांबत नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

पंतांकडे गेलो. म्हटलं, ४१ रेकॉर्ड रूमला गेला असेल ना? ते म्हणाले, “तुमच्या यादीत गेला. माह्या खनात हाये. ज्याची वाट पाह्यते तो आल्याशिवाय मी कागद हालवत नाही.” खाली वाकून त्यांनी कागद काढला. खणात तेवढा एकच होता.

तिचा अर्ज वाचला. अक्षर तेच, मुलांच्या वह्यांतलं. अकरा मुलांचं लिहिलं आहे, साकोलीचं लिहिलं आहे. शेवटी : ‘या बदलीने माझ्या पतीची गैरसोय होईल याची मला जाणीव आहे. त्यांनी नकार दिल्यास माझी तक्रार नाही. मात्र उत्तर मिळावे.’

पंत खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी तिथेच त्यांच्या टेबलावर साहेबांच्या नावे टिपण लिहिलं. ‘कशापायी अडले’ या रकान्यात माझं पूर्ण नाव घातलं, हुद्द्यासकट.

शनिवार, १२ ऑक्टोबर

साहेबांनी काल सही केली. ४१ चालू झालं. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “आपने अच्छा नहीं किया।” सोमवारपासून मी पुन्हा आवक-जावकच्या माझ्या जुन्या टेबलावर.

दुपारच्या गाडीनं अलकनंदा आली. मी चिठ्ठी धाडली होती. तिला बसवून सगळं सांगितलं. प्रकरण कुणी बंद केलं, शेरा काय लिहिला, साहेब काय म्हणाले आणि दोन दिवस मी काय विचार करत होतो, तेही. ती ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, “स्वारस्य दिसत नाही, असं लिहिलं?” मी हौ म्हटलं.

मला ती जायला नको आहे. हेही तिला सांगितलं. “मले नको हाये तू जायला. पन मी नाही म्हनत नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिच्याशी एवढं सलग मी कधी बोललो नसेन.

मग फॉर्म काढला आणि सही केली. कागद तिच्याकडे दिला. तिनं तो खिडकीजवळ नेऊन वरपासून खालपर्यंत वाचला, शाई वाळू दिली, आणि परत माझ्यापुढे ठेवला.

“तारीख राह्यली,” ती म्हणाली.

मी तारीख घातली.